सगळे दात काढायचे आहेत

पन्नाशी ओलांडलेल्या बायका दातांच्या डॉक्टरकडे येतात त्या बहुधा दुसऱ्याचे दात घेऊन. नातवाचा दुधाचा दात हलतोय, सासूबाईंची कवळी टोचतेय, नवऱ्याची दाढ ठणकतेय. ते सगळं मार्गी लागलं, पर्स खांद्याला अडकवली, दाराला हात लावला, की मग मान मागे वळवून विचारायचं, "डॉक्टर, वेळ असेल तर माझंही एकदा बघाल का? तसं काही विशेष नाही."

बडोद्यात सयाजीगंजमध्ये माझा दवाखाना होता. पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, वरच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टर. युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे परीक्षेच्या आधी अक्कलदाढ उठलेली मुलं संध्याकाळी यायची, आणि सकाळच्या वेळात रेल्वेतून निवृत्त झालेली मंडळी. या बायका दोघांच्या मधल्या फटीत यायच्या, म्हणजे घरची जेवणं उरकल्यावर आणि संध्याकाळचा चहा टाकायच्या आधी. आता मी दवाखाना बंद करून वासणा भागात राहते आणि दातांविषयी फक्त लग्नसमारंभात, जेवणाच्या रांगेत उभी असताना बोलते, कारण तिथे लोक विचारतात.

आमच्या कॉलेजात या बायकांविषयी काही शिकवलेलं नव्हतं. गरोदर बाईच्या हिरड्या सुजतात, हे एका तासात शिकवलं. म्हाताऱ्या माणसाची कवळी कशी बसवायची, हे पूर्ण वर्षभर शिकवलं. बाळंतपण आणि कवळी यांच्या मधल्या काळात बाईच्या तोंडात काही होत असेल अशी कुणाला शंका आलेली दिसली नाही.

होतं असं. पाळी गेली की शरीरातलं एक रसायन कमी होतं. अंगाचा भडका होतो, घाम फुटतो, झोप जाते, हे हल्ली सगळ्यांना ठाऊक झालंय. पण त्याच रसायनाचा हात लाळेत असतो, हिरड्यांच्या कातडीत असतो आणि ज्या हाडात दात रुतलेले असतात त्या हाडातही असतो. खुब्याचं हाड ठिसूळ झालं तर बाई पडते आणि घरादाराला कळतं. जबड्याचं हाड झिजलं तर दात लांब दिसायला लागतात, आणि बाई हसताना तोंडावर पदर किंवा ओढणी धरायला लागते. ते कुणाला कळत नाही. उलट ती आता फार शांत झाली, असं म्हणतात.

लाळेचं मी जरा जास्त सांगते, कारण तिचं कौतुक कुणी करत नाही. आमच्याकडे तोंडात घालायचा छोटा आरसा असतो. ओल्या तोंडात तो गालावरून सरकतो. कोरड्या तोंडात गालाला चिकटतो, ओढून काढावा लागतो. मी आणखी एक प्रश्न विचारायची, "खाखरा पाण्याशिवाय खाता येतो?" खाखरा म्हणजे कडक भाजलेली कुरकुरीत पोळी, बडोद्यात हा प्रश्न कुणालाही समजतो. बायका जरा विचार करून म्हणायच्या, "नाही हो, हल्ली चहात बुडवूनच खाते." का, ते त्यांनी स्वतःला विचारलेलं नसायचं.

मग मी दुसराही एक प्रश्न विचारायला लागले. "पाळी जाऊन किती वर्षं झाली?" नवरा सोबत असला तर तो लगेच भिंतीवरचं दातांचं चित्र फार बारकाईने बघायला लागायचा. एक बाई तर खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "माफ करा, मला वाटतं मी एक मजला कमी चढले."

सुनंदाबेन शिर्के मात्र असल्या प्रश्नाने बिचकणाऱ्या नव्हत्या. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, आणि मी हातमोजे घालायच्या आत म्हणाल्या, "सगळे दात काढायचे आहेत. एका दिवसात होत नसतील तर दोन दिवसांत करा. पण सकाळी अकरानंतर नको, माझ्याकडे जेवणं असतात."

त्यांची मेस होती. हॉस्टेलांच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या तळमजल्यावर. घरापासून लांब आलेली पोरं दोन वेळ जेवायची. निम्मी मराठी, निम्मी गुजराती, आणि उरलेली जे मिळेल ते खाणारी. त्यांच्या हातच्या आमटीचं नाव मी माझ्या पेशंट मुलांकडून ऐकलेलं होतं. अक्कलदाढ काढल्यावर मुलं पहिला प्रश्न विचारायची तो आज आंटीकडे जेवता येईल का, हाच.

सोबत त्यांचे यजमान वसंतराव होते. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त. मांडीवर तपासण्यांची फाईल, पिशवीत न ठेवता, उघडी.

मी म्हटलं, "आधी बघू तरी द्या."

बघितलं. वय चोपन्न. खालच्या दोन दाढा गेलेल्या, जागा नुकतीच भरून आलेली. बाकीचे दात पक्के. हिरड्या थोड्या पातळ झालेल्या. आरसा गालाला चिकटला. जीभ स्वच्छ, टाळू स्वच्छ, कुठे चट्टा नाही, फोड नाही, सूज नाही.

"कुठला दात दुखतो?"

"दुखत कुठलाच नाही. जळतं."

"कुठे?"

"जिभेचं टोक. टाळू. ओठ आतून. सकाळी उठते तेव्हा बरं असतं. दिवस चढतो तसं वाढत जातं. संध्याकाळपर्यंत कढत दूध गिळल्यासारखं होतं. मिरची चावली तर आग होते ना, तसं. पण मिरची उतरते. हे उतरत नाही."

"चव?"

"तोंडात किल्ली धरून बसल्यासारखी."

दोन वर्षं हे चाललं होतं. एका डॉक्टरांनी पित्त म्हटलं. एकांनी बुरशीचं औषध दिलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घसा बघून तो उत्तम असल्याचं सांगितलं. एकांनी मन कशात तरी गुंतवायला सांगितलं.

"मन गुंतवू?" सुनंदाबेन म्हणाल्या. "दोन वेळचं मिळून शंभरावर पान होतं माझ्याकडे. आणखी कशात गुंतवू?"

मग त्यांनी स्वतःच ठरवलं, की दातच खराब असणार. एका दातांच्या डॉक्टरांच्या मागे लागून दोन दाढा काढून घेतल्या. आग गेली नाही. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की चुकीच्या दाढा काढल्या. आता सगळेच काढले की त्यात बरोबरची येईलच.

वसंतरावांनी फाईल पुढे केली. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मॅडम. काही नाही तिला." मुलगा पहिल्या वर्गात पास झाल्याचं सांगावं तशा आवाजात.

मी दोघांना समजावून सांगितलं. हे दुखणं खरं आहे, त्याला नाव आहे, पाळी गेल्यानंतरच्या बायकांना जास्त होतं. जळण्याची आणि चवीची खबर डोक्याकडे नेणाऱ्या ज्या बारीक नसा असतात, त्या काही कारण नसताना खबर द्यायला लागतात. आगीचा बंब बोलावणारी घंटा असावी, आणि ती आग नसताना वाजत राहावी, तसं. पण ज्याच्या कानात ती वाजते त्याला ती वाजतच असते. आरशात काही दिसत नाही, फोटोत येत नाही. आणि दातांचा त्यात काहीही दोष नाही.

सुनंदाबेननी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही काढणार नाही."

"नाही."

"मग आग?"

मी रक्ताच्या दोन तपासण्या सांगितल्या, ज्या फाईलमध्ये नव्हत्या. झोंबणारी टूथपेस्ट बंद, तिखट बंद, घोट घोट पाणी, आणि ओळखीच्या एका फिजिशियनकडे चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठीची चार घड्यांची पुडी केली. बाजारात हवी ती वस्तू मिळाली नाही की बायका दुकानदाराकडे जसं बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

असं होतं. दात काढून हवा असलेल्या माणसाला सल्ला देऊन पाठवला तर तो पेशंट आपला राहत नाही. दुसरं कुणीतरी काढून देतं. मला त्यांच्या दातांची काळजी वाटत राहिली, कारण ते खरोखर चांगले दात होते.

काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी वसंतरावांचा फोन आला. दवाखाना बंद होता. मी म्हटलं, या, उघडते.

दोघं रिक्षातून उतरले. सुनंदाबेनच्या तोंडावर टॉवेल. वसंतरावांच्या हातात पकड. खिळे उपटायची, लाल रबराच्या मुठींची. रिक्षातून सगळ्या सयाजीगंजातून ते ती हातातच धरून आले होते.

"ह्याने," ते म्हणाले आणि पकड माझ्यापुढे धरली.

सुनंदाबेननी यजमानांच्या हत्यारांच्या पेटीतून ती घेतली होती. आधी पातेल्यात पाणी ठेवून उकळली होती, कारण स्वच्छतेच्या बाबतीत त्या फार काटेकोर. मग मोरीतल्या आरशासमोर उभ्या राहून, आपल्या मते जो दात मुख्य गुन्हेगार होता, तो वरच्या बाजूचा, सुळ्यामागचा दुसरा, पकडीत धरून ओढला. दात काही निघाला नाही. अर्धा तुटला.

"मजबूत होता," मी म्हटलं.

रक्त थांबवता थांबवता मी विचारलं की असं का केलं. टॉवेल बाजूला करून त्यांनी सांगितलं.

आदल्या दिवशी दुपारी आमटी खारट झाली होती. नुसती खारट नाही, घशाखाली न उतरण्याइतकी. त्यांनी स्वतः तीनदा चाखली होती आणि तिन्ही वेळा ती अळणी लागली होती, म्हणून तिन्ही वेळा मीठ घातलं होतं. मुलं जेवायला बसली. कुणी काही बोललं नाही. वाट्या तशाच भरलेल्या ठेवून, पोळी-भाजी खाऊन उठली. हात धुताना एकेक जण म्हणाला, "आंटी, बहु सरस हतुं."

"शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," सुनंदाबेन म्हणाल्या. "पोरं माझ्याशी सांभाळून वागायला लागली. म्हातारीशी वागतात तशी. मी वाट्या गोळा केल्या आणि सगळी आमटी ओतून दिली. माझ्या हातची आमटी मी कधी ओतली नव्हती."

तुटलेल्या दाताची नस उघडी पडली होती. मी भुलीचं इंजेक्शन दिलं. वरच्या दाताला भूल दिली की तो दात, शेजारचे दोनतीन, तेवढी हिरडी आणि फार तर वरचा ओठ एवढंच बधिर होतं. जीभ जागी राहते. हे सगळ्या दातांच्या डॉक्टरांना माहीत असतं आणि त्याचा दात काढण्यापलीकडे काही उपयोग होईल असं सहसा वाटत नाही.

पाच मिनिटांनी मी त्या दाताला टोचून बघितलं. "लागतंय?"

"नाही."

"आणि आग?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ तोंडातल्या तोंडात शोधत राहिल्या. "आहे."

"कमी?"

"नाही. तशीच."

"सुनंदाबेन, तुमची हरकत नसेल तर वरचे सगळेच दात बधिर करते. मग बघू."

त्यांनी मान हलवली. मी दुसऱ्या बाजूलाही इंजेक्शनं दिली. थांबलो. वसंतराव उभेच होते, त्यांना बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मग मी वरच्या प्रत्येक दाताला टोचत गेले आणि त्या प्रत्येक दाताला "नाही, नाही" म्हणत गेल्या.

"आता वरचा एकही दात तुमच्या ताब्यात नाही. काढून टाकल्यासारखाच आहे. आग?"

त्या डोक्यावरच्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे. म्हणजे हा दात नव्हता."

"हा नव्हता. खालचे बधिर केले तरी असंच होईल."

"आणि आधी काढले ते दोन?"

त्यांना उत्तर कळलेलं होतं. त्या रडायला लागल्या, पण वरचा ओठ बधिर असल्यामुळे तोंड वाकडं झालं आणि ते त्यांना समोरच्या काचेत दिसलं. रडता रडता त्यांनी हाताने ओठ जागेवर आणायचा प्रयत्न केला. तो राहिना.

वसंतराव पुढे झाले. "दुखतंय का गं?"

"नाही. काही लागत नाही."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, म्हणजे तिला खरंच जळतं?"

सुनंदाबेननी खुर्चीवरून मान वळवली. बधिर ओठाने शब्द नीट येत नव्हते, पण जे म्हणाल्या ते आम्हा दोघांनाही स्पष्ट समजलं. "दोन वर्षं मी काय सांगतेय, अहो?"

वसंतरावांनी हातातली पकड माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवली आणि मग खाली बसले. ती तिथेच राहिली. सोमवारी माझ्या मदतनीस नीताबेननी बाकीच्या हत्यारांबरोबर तीही निर्जंतुक करून, पाकिटात बंद करून, कप्प्यात लावून ठेवली. शिर्के पुढच्या वेळी आले तेव्हा मी ती पाकिटासकट परत केली. वसंतरावांनी आभार मानले.

तुटलेला दात वाचला. रूट कॅनाल केलं, वर टोपी बसवली. रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह कमी, लोहही कमी. ते भरून काढलं. फिजिशियननी एक गोळी दिली, गिळायची नाही, तोंडात विरघळवून धरायची आणि थुंकायची. लाळ सुटावी म्हणून बिनसाखरेचं च्युइंगम चघळायला सांगितलं. हा प्रकार त्यांनी जन्मभर पोरांना ओरडून बंद करायला लावला होता, आता स्वतः पोळ्या लाटताना चघळायला लागल्या.

बऱ्या झाल्या का, असं हा किस्सा सांगितला की सगळे विचारतात. पूर्ण नाही. तीनेक महिन्यांनी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गॅस मोठा होता, आता बारीक केलाय. बंद कधी होईल?"

"काहींचा होतो. काहींचा बारीकच राहतो. खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

"बारीकवर काम चालतं," त्या म्हणाल्या.

पण चव आली नाही. मीठ त्यांना कळेचना. आणि मेस तर चालवायची होती. वसंतरावांनी यात हात घातला. त्यांनी वजनकाटा आणला. मीठ, गूळ, चिंच, मसाला, सगळं मोजून. रेल्वेच्या शेडमध्ये अंदाजाने कुणी नट आवळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या आठवड्यात आमटी रोज तंतोतंत सारखी झाली आणि रोज सारखीच वाईट झाली. चिंच एकदा जुनी असते, एकदा नवी. टोमॅटो उन्हाळ्यात वेगळे, थंडीत वेगळे. काट्याला ते कळत नाही.

घरात कामाला रेवाबेन होत्या. बडोद्याजवळच्या पादरा गावच्या. रोज सकाळच्या बसने यायच्या, येताना तिकडच्या बाजारातली भाजी आणायच्या. चिरणं, निवडणं, लाटणं त्यांच्याकडे. चव बघायचा चमचा मात्र कधीच त्यांच्या हातात गेला नव्हता. सुनंदाबेनच्या मते त्या पाण्यातही गूळ घालतील.

आता नाइलाज झाला. सुनंदाबेननी वाटीत आमटी घालून दिली. "कशी आहे?"

"सरस छे."

"सरस म्हणजे काय? मीठ?"

"बराबर छे."

"आंबट?"

"बराबर छे."

"तिखट?"

रेवाबेननी जरा विचार केला. "बेन, बधुं बराबर छे." सगळंच बरोबर.

सुनंदाबेनना हे सगळं मला सांगताना पुन्हा राग आला. "बारा वर्षं माझ्याकडे आहे, आणि तिला 'बराबर' सोडून दुसरा शब्द नाही! मग बसले शिकवायला. पाण्यात मीठ घालून दिलं, थोडं, जास्त, फार जास्त. तिला म्हटलं, नुसतं बराबर म्हणायचं नाही. जिभेवर आधी काय आलं ते सांग, मागून काय आलं ते सांग. पहिले चार दिवस रोज भांडण. पाचव्या दिवशी म्हणाली, बेन, मीठुं पाछळ रही गयुं. मीठ मागे राहिलं. मी एक चमचा घातलं. पोरांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली."

गुळावरून मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. रेवाबेनच्या जिभेला जे बरोबर लागायचं ते मराठी आमटीला थोडं गोडच. सुनंदाबेन कमी सांगायच्या, रेवाबेन ऐकायच्या, आणि गूळ पडायचा तेवढा पडायचाच. मराठी पोरांनी कुरकूर केली. गुजराती पोरांची संख्या वाढली. मेस चालू राहिली.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. उंधियू होतं आणि आमटी. आमटी खरंच गोड होती आणि मी दोनदा घेतली. सुनंदाबेन माझ्याशेजारी पान घेऊन बसल्या. हे सांगण्यासारखं आहे, कारण दोन वर्षं त्या कुणाबरोबर जेवायला बसल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात उभ्याने दहीभात खायच्या, तोही गार करून. लग्नाला जायच्या, पण जेवण लागायच्या आधी निघायच्या. लोक म्हणायचे, आल्या तशा गेल्या, गर्व आहे. आता त्यांच्यासाठी मिरची न घालता वेगळ्या पातेल्यात थोडं काढलेलं होतं. सावकाश खात होत्या, मध्ये मध्ये पाण्याचा घोट. मी विचारलं, चव लागते का.

"गोड लागतं. आंबट थोडं. मीठ नाही." मग स्वयंपाकघराकडे हात करून म्हणाल्या, "मिठाची जीभ माझी आता रोज पादऱ्याहून बसने येते."

पेशंट म्हणून त्यांची एवढीच हकीकत. माझ्या धंद्यात याला यश म्हणावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. एक दात वाचवला. दोन गेले ते गेले. त्या जागी मी त्यांना नकली दाढा बसवून दिल्या, त्यांना त्या कधी आवडल्या नाहीत. आग बारीक झाली. यापेक्षा मोठी कामं मी केली आहेत, पण ती केलेली माणसं रस्त्यात भेटली तर मला ओळखतही नाहीत.

दवाखाना बंद करायच्या थोडं आधी सुनंदाबेन पुन्हा आल्या. सोबत रेवाबेन. चपला बाहेर काढून, पदर आवळून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या.

"हिची पाळी जाऊन वर्ष झालं," सुनंदाबेन म्हणाल्या. "हिचं तोंड बघा."

रेवाबेन माझ्याकडे बघून हसल्या. "मने कंई नथी, बेन. ए पराणे लाव्या छे." जबरदस्तीने आणलंय, त्यांना काही होत नाही.

मी बघितलं. आरसा गालावरून छान सरकला. दात चांगले. पण खालच्या ओठाच्या आत, हिरडीवर, एक तपकिरी पट्टा. मी विचारलं, "छींकणी घासता?" छींकणी म्हणजे तपकीर. आमच्याकडे गावाकडच्या पुष्कळ बायका सकाळी ती हिरड्यांना चोळतात.

रेवाबेन सुनंदाबेनकडे न बघता म्हणाल्या, "बसमां ज. रसोडामां कोई दी नहीं." फक्त बसमध्ये, स्वयंपाकघरात कधी नाही.

सुनंदाबेन उभ्या राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं माझी आमटी तंबाखूच्या तोंडाने चाखली जातेय?"

"आमटी तो सरस बने छे ने," रेवाबेन म्हणाल्या.

मी मध्ये पडले. तंबाखू सोडायची, हिरडीवरचा तो पट्टा दर सहा महिन्यांनी कुणाकडून तरी तपासून घ्यायचा, बाकी तोंड निरोगी आहे, असं सांगितलं आणि हातमोजे काढायला लागले.

"नीट बघितलंत?" सुनंदाबेननी विचारलं.

"बघितलं. काही दिसत नाही."

"गेल्या आठवड्यात हिने मीठ बरोबर म्हणून सांगितलं आणि पोरांनी मीठ मागितलं. दोनदा झालं असं." त्या स्टूल ओढून रेवाबेनजवळ बसल्या. "डॉक्टर, माझ्याही तोंडात कुणाला काही दिसलं नव्हतं."

मी काढलेला मोजा कचऱ्यात टाकला आणि खुर्चीवरचा दिवा बंद केला. तो चालू असला की माणसाला तोंड उघडावंसं वाटतं, बोलावंसं वाटत नाही.

"रेवाबेन," मी विचारलं, "हल्ली जेवण कसं लागतं?"

"बराबर..." त्या म्हणाल्या आणि सुनंदाबेनकडे बघून थांबल्या. जिभेचं टोक दातांना लावून बघितलं. मग खुर्चीच्या कडेवरून जरा मागे सरकल्या, पाठ टेकवली, आणि सांगायला लागल्या.